पापडाच्या डब्यामागचा फोन

माझ्या सुनेच्या लॅपटॉपवरची माणसं बोलता बोलता थिजायची. एखादा साहेब हात वर करून काहीतरी सांगत असायचा, तो हात तसाच वर राहायचा. एखादी बाई तोंड उघडं टाकून थांबायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ह्या लोकांत बोलायच्या आधी विचार करायची पद्धत असेल. मग सून "हॅलो, हॅलो, माझा आवाज येतोय का?" करायला लागली आणि कळलं की विचार कुणी करत नाहीये, आमचं इंटरनेट गेलंय.

आमचं घर बेळगावात, शहापूरच्या एका गल्लीत. घर म्हणजे रुंदीला पंचा आणि लांबीला नऊवारी. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की मोबाइल मान टाकतो. ते नवीन फायबर म्हणतात ते गल्लीच्या तोंडापर्यंत आलंय. पुढे रस्ता खणायचा की खांबावरून न्यायचं, ह्यावर माणसं अजून चहा पीत आहेत. राहता राहिली जुन्या टेलिफोनची तांब्याची तार. तिच्यातून येतं ते डीएसएल. ते ताशी किती धावतं हे बघायचं एक पान असतं, आणि त्या पानावर आमच्या नावापुढे कायम दोन. कधी दोनाच्याही खाली.

सून पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला. परदेशातल्या दवाखान्यांचे रिपोर्ट तपासायचं काम, ते ती आमच्या पुढच्या खोलीत बसून करायची. मग कंपनीनं सगळ्यांना परत पुण्याला बोलावलं. सुनेनं विनवण्या केल्या तेव्हा तिच्या वरच्या बाईनं एक सवलत दिली: शुक्रवारी दुपारी परदेशी लोकांपुढे दीड तास सगळं काम दाखव. न तुटता पार पडलं तर घरातून करत राहा. तुटलं तर पुढच्या महिन्यापासून पुण्यात. ह्याआधी दोनदा तुटलेलं होतं, त्यामुळे ही तिसरी संधी शेवटचीच.

मुलगा उद्यमबागेत फाउंड्रीत. त्याला काही भट्टी उचलून पुण्याला नेता येत नाही. म्हणजे सून जाणार, तिच्याबरोबर चार वर्षांची नात जाणार आणि घराचे दोन तुकडे होणार. मी वरवर म्हणत होते, "जा की गं, पुणं काय सातासमुद्रापार हाय व्हय?" पण नात झोपायच्या आधी माझ्या कानाची पाळी चोळत बसते. ती पुण्यात कुणाचा कान धरणार, हे मला सुचत नव्हतं.

रविवारी मुलानं कंबर कसली. मोडेम, म्हणजे इंटरनेटची ती दिवे लुकलुकणारी पेटी, आधी कपाटावर ठेवली, मग खिडकीत ठेवली, मग नातीच्या खेळण्यातून सोडवून परत कपाटावर ठेवली. पंधरा हात लांब चपटी वायर फिरवून पेटी मधल्या खोलीत आणली होती, ती काढून टाकली आणि पेटी थेट फोनच्या पहिल्या डबीजवळ लावली. लॅपटॉपला हवेतनं न देता वायरीनं जोडलं. दोनाचे अडीच झाले. मुलानं असं बघितलं जणू त्यानं विहिरीला पाणी लावलंय.

"अडीचात भागंल का?" मी विचारलं.

"आई, तू मधी मधी बोलू नगंस. कमीत कमी आठ पाहिजेत."

तेव्हा माझं लक्ष शेजारी गेलं. शेजारी यंत्रमाग आहेत. दिवसभर खटाक खटाक. मुलानंच कुठंतरी वाचलेलं की जवळ मोटारी चालत असल्या तर तारेत खरखर शिरते. झालं! मला गुन्हेगार सापडला. सोमवारी सकाळी पदर खोचून मी शेजारी गेले.

"अण्णा, तुमच्या मागामुळं आमच्या पोरीची नोकरी चाललीया. जरा बंद करा की."

मागवाले अण्णा माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, जिभेनं दहा. म्हणाले, "आक्का, माग बंद करतो. मग साड्या काय तुमच्या नेटवर विणू?"

तरी भला माणूस. चहा होईस्तोवर चारही माग थांबवले. गल्ली अशी शांत झाली की समोरच्या घरातली म्हातारी दार उघडून बघायला आली, कोण गेलं म्हणून. मी धावत घरी. पानावर अडीच. थांबून परत बघितलं. अडीच. परत शेजारी जाऊन मान खाली घालून उभी राहिले.

"काय झालं?" अण्णांनी बशी खाली ठेवली. "माझे माग निर्दोष सुटले न्हवं? आता घरातला चोर धरा जावा."

ते सहज बोलले होते. मला त्या दिवशी काही टोचलं नाही. टोचलं ते बुधवारी.

बुधवारी टेलिफोनचा लाइनमन आला. चाळिशीचा, कमी बोलणारा, खांद्याला पिशवी. त्यानं स्वतःकडचा मोडेम घरामागच्या खांबावरच्या डबीला लावून बघितला. अकरा! सुनेनं टाळीच वाजवली. मग तोच मोडेम घरातल्या पहिल्या डबीला लावला. अडीच.

"म्हणजे खांबापासनं तुमच्या डबीपर्यंत लफडं हाय," तो म्हणाला. "ह्या तारेला मधीच कुठंतरी फाटा हाय. सिग्नल त्या फाट्यात शिरतोय. बोळात शिरल्यागत. पुढं रस्ता न्हाय म्हणून शेवटाला आपटून मागं फिरतोय, आणि येणाऱ्याला धडकतोय."

तार खांबावरून येते ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून, पत्र्याच्या वळचणीखालून, मग पुढच्या खोलीत. तो पत्रा आम्ही नंतर टाकलेला, त्यामुळे खालचं काही दिसत नव्हतं. त्यानं वाकून बघितलं, बॅटरी मारून बघितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आज्जी, घरात कधी दुसरा फोन होता का? स्वयंपाकघरात वगैरे?"

मुलगा माझ्याकडे बघतोय. सून बघतेय. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत माझी सासू बसलेली. हो, मी सासू असले तरी मलाही सासू आहे. नव्वदीला आल्या, पण कान शाबूत. मी त्यांना आत्याबाई म्हणते.

"न्हाय बा," मी म्हणाले. "एकच फोन. कायम पुढच्या खोलीत."

लाइनमननं मान हलवली. "मग पूर्ण तार बदलावी लागंल. तार आता स्टॉकमधी न्हाय. आठ दिवस धरा."

शुक्रवारला उरले होते दोन दिवस. सून उठली. आत जाऊन नातीच्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली. त्या दिवशी धुतलेले कपडे नव्हतेच. कपाटातलेच काढून ती पुन्हा घालत होती.

आता खरं सांगते. फोन होता.

घरात टेलिफोन आला तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झालेली. त्या वेळची मी म्हणजे काय सांगू! अंगानं चिपाड आणि डोक्यात संशयाचं कोठार. पुढच्या खोलीत सासूबाई फोनवर बसायच्या, गोकाकच्या त्यांच्या बहिणीशी तास तास बोलायच्या. मला पक्कं ठाऊक होतं की विषय मीच. दुसरा विषय असणार कुठला? माझ्या भाकरीचा आकार, माझी झोप, माझ्या माहेरचं वळण. ह्यापलीकडे जगात काही घडतंय असं मला वाटतच नव्हतं.

माझं माहेर निपाणीचं. तिथे एक तंबाखूची वखार बंद पडली, तिच्या ऑफिसातला काळा फोन माझ्या भावाकडे आला. मी तो मागून घेतला. फोन कसा जोडायचा ते भावानं अंगणात दोनदा करून दाखवलं. कशाला पाहिजे ते विचारलं नाही, माझा स्वभाव त्याला माहीत होता. चिवड्याच्या डब्यात खाली फोन, वर चिवडा, असा मी तो एसटीतून बेळगावला आणला. घरात पोचले तोवर फोनच्या भोकाभोकांत शेंगदाणे.

एके दुपारी सगळे लग्नाला गेलेले असताना स्टुलावर चढून मी खिडकीवरची तार विळीनं खरवडली, दोन तारा पिळल्या आणि वर दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळली, कापलेल्या बोटाला गुंडाळतात तशी. तार स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात आणली. पापडाच्या डब्यामागे फोन. घंटा वाजू नये म्हणून तिच्यात जुन्या लुगड्याचा बोळा. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूष होते की त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं.

दुसऱ्या दिवशी पुढे फोन वाजला. मी कोनाड्याशी श्वास धरून रिसीव्हर कानाला लावला. आणि ऐकते तर काय? सगळं कन्नड!

गोकाकची बहीण ती, कन्नडातच बोलणार. सगळ्या शहापूरला हे कळलं असतं, मला नाही कळलं. मला त्या वेळी कन्नड यायचं ते बाजारापुरतं. तरी मी जिद्द सोडली नाही. भाजीवालीला विचारलं, सुनेला कन्नडात काय म्हणतात? ती म्हणाली, सोसी. मग मी सोसी शब्दाची वाट बघत बसले. एक महिना, दोन महिने. चुलीवर दूध उतू जायचं, मी कोनाड्यात. हळूहळू शब्द कळायला लागले. बदनीकाई म्हणजे वांगं. मोणकाल म्हणजे गुडघा. नोवु म्हणजे दुखणं. वांगं, गुडघा, दुखणं. दुखणं, गुडघा, वांगं. सोसी एकदाच आली. मी रिसीव्हर कानात रुतवला, आणि कळलं की ती बहिणीची सून. तिला म्हणे दिवस गेले होते.

चुगली सोडा हो, चार महिन्यांत माझं नावसुद्धा कुणी घेतलं नाही! माझा इतका अपमान आजवर कुणी केला नव्हता. रागानं मी फोन उचलून भंगारात दिला. कोनाडा पुढे फरशी बसवताना बुजला. खिडकीवर पत्रा आला. चिकटपट्टीतला जोड तिथेच राहिला आणि मी विसरले. ती पोरगी, म्हणजे त्या वेळची मी, आज मला भेटली तर दोन थोबाडीत देईन. आणि मग तिला विचारीन, अजून काय ऐकलंस गं?

तर गुरुवारी दुपारी मी ठरवलं, कुणाला कळायच्या आत फाटा कापून टाकायचा. सून पुढच्या खोलीत कामात, आत्याबाई डुलकीत, नात बालवाडीत. मी मागच्या अंगणात स्टूल लावलं. सदुसष्टाव्या वर्षी स्टुलावर चढताना दोन्ही मोणकालांनी मला त्यांचं कन्नड नाव ऐकवलं. पत्र्याच्या कडेखाली हात घातला, बोटाला चिकटपट्टी लागली. वाळून पापडासारखी झालेली. तिच्यापासून दोन तारा निघत होत्या, दोन्ही सारख्याच काळ्या. कात्री सापडली नव्हती म्हणून कमरेला आत्याबाईंचा अडकित्ता खोवलेला. देवाचं नाव घेतलं, एक तार धरली आणि सुपारी फोडावी तशी कट्कन तोडली.

पुढच्या खोलीतून सुनेचा आवाज आला, "अरे देवा! सगळंच गेलं!"

अडीच होतं त्याचं शून्य झालं होतं. मी फाटा सोडून मूळ तारच तोडली होती.

मुलगा पहिल्या पाळीवरून नुकताच परतलेला. तो आणि सून मागे धावत आले तेव्हा मी स्टुलावर, एका हातात अडकित्ता, दुसऱ्या हातात तारेचं टोक. आता कुठली थाप मारणार?

"आई, तुम्ही वर काय करताय?" सून म्हणाली.

"उतर आधी," मुलगा म्हणाला.

मी उतरले आणि सगळं सांगितलं. पुढच्या खोलीत, आत्याबाईंच्या खुर्चीसमोर उभी राहून, शाळेत उभं करतात तशी. चिवडा, चिकटपट्टी, बोळा, सगळं. मुलगा भिंतीकडे तोंड करून हसत होता, त्याचे खांदे हलताना दिसत होते. सून हसत नव्हती. ती नुसती माझ्याकडे बघत होती आणि त्या बघण्यानं मला अडकित्त्यात धरल्यासारखं झालं. बुधवारी खरं बोलले असते तर लाइनमननं तेव्हाच जोड काढला असता. आता तार तुटलेली, आणि उद्या शुक्रवार.

"आत्याबाई, चुकलं माझं," मी म्हणाले. "तुमचं बोलणं चोरून ऐकत होते."

आत्याबाईंनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "मला ठाव हुतं की."

"काय?"

"तू तिकडं फोन उचललास की माझ्या बहिणीचा आवाज निम्मा व्हायचा. एका तारेला दोघीजणी लागल्यावर काय हुईल? आनी तुझ्या बांगड्या वाजायच्या त्या येगळ्या."

"मग बोलला का न्हाईसा?"

"कशाला बोलू? म्हटलं, ऐकतीया तर ऐकू दे. मोणकाल नोवु, मोणकाल नोवु म्हणून चार महिनं घसा कोरडा केला. एक दिवस तरी तेल घिऊन आलीस काय गं?"

मुलाला आता हसू आवरेना, तो खालीच बसला. मी मात्र अजून आपल्याच तंद्रीत. "म्हणजे माझ्याबद्दल कधी काय बोललाच न्हाईसा व्हय?"

"बोलत हुते की. लई बोलत हुते. तुझं बोलायचं असलं की मी शेजारी मागवाल्याकडनं फोन लावत हुते."

सून हसली ती तेव्हा. आधी नाकातून, मग मोठ्यानं. हसता हसता डोळे पुसले आणि मुलाला म्हणाली, "लाइनमनला फोन करा. फाटा कुठं आहे ते कळलंय म्हणावं. आणि तार कुणी तोडली ते सांगू नका."

"सांगा," मी म्हणाले. "आता काय राहिलंय?"

लाइनमन शुक्रवारी सकाळी दहाला आला. पत्र्याचे दोन खिळे काढून पत्रा उचलला. चिकटपट्टीचा गोळा बाहेर काढून हातावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. आतल्या तारा हिरव्या पडलेल्या, बुरशी आल्यासारख्या.

"आज्जी, जोड तुम्हीच केलता?"

"व्हय."

"घट्ट हाय," तो म्हणाला. "आमच्या ऑफिसातली माणसं एवढं घट्ट पिळत न्हाईत." मला उगाचच बरं वाटलं.

त्यानं हिरवा भाग दोन्हीकडून कापून टाकला, फाट्याची तार ओढून काढली, मूळ तारेची दोन टोकं सोलून एका छोट्या टोपीत घातली आणि पकडीनं दाबली. टोपीत कसलीशी जेली असते, तिच्यामुळे पाणी शिरत नाही. पाच मिनिटांचं काम. मोडेमचे दिवे लागले, लुकलुकले आणि स्थिर झाले. सुनेनं ते पान उघडलं. आधी सात, मग नऊ, मग साडेदहावर जाऊन थांबलं. परत बघितलं तरी साडेदहा.

लाइनमन जाताना सांगून गेला, दुपारपर्यंत काही हलवू नका, मोडेम बंद-चालू करू नका, सारखं बंद-चालू केलं तर पलीकडचं यंत्र घाबरून वेग कमी करतं. मी नातीला उचललं आणि मागच्या अंगणात जाऊन बसले. पेटीजवळ आम्ही दोघीही विश्वासाच्या नव्हतो.

दोनला सुनेनं पुढच्या खोलीची दोन्ही दारं लोटून घेतली. मुलानं रजा टाकली होती. तो गल्लीकडच्या दाराबाहेर उंबऱ्यावर बसला, येणाऱ्याला परतवायला. आत्याबाई खुर्चीसकट मधल्या खोलीत आल्या आणि दर पाच मिनिटांनी हातानंच विचारायच्या, काय? मी मधल्या दाराला कान लावून हातानंच सांगायचे, चाललंय. शेजारचे माग खटाखट चालू होते. आतून सुनेचं इंग्रजी एका लयीत येत होतं. मध्ये एकदा ती थांबली. आम्ही दोघीही ताठ झालो. हॅलो म्हणते की काय? पण ती हसली, पलीकडून कुणीतरी काही गमतीचं बोललं असावं. पुन्हा लय सुरू. दीड तासाचे पावणेदोन तास झाले. एकदाही हॅलो आलं नाही.

मधलं दार उघडून ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. मुलगा उंबऱ्यावरून उठून आत आला.

"नाही जायचं," ती म्हणाली. "बाईंचा लगेच मेसेज आला. घरातूनच कर म्हणाल्या."

मुलानं काहीतरी विचारलं, पण ती थांबली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पातेल्याचं झाकण काढून ओट्याशी उभ्यानंच ती गार भात आणि मिरचीचं लोणचं खायला लागली. नातीनं तिच्या पायाशी जाऊन आ केला, तिला एक घास मिळाला, लोणच्याशिवाय.

"थांब गं, ताट वाढते," मी म्हणाले.

तिनं डाव्या हातानंच नको म्हटलं. तोंड भरलेलं होतं.